कोणते शिरूर?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना घोड नदीच्या काठी लागते ते शिरूर. बीड जिल्ह्यात आहे ते शिरूर कासार. लातूर जिल्ह्यात तर एकाला दोन आहेत: तालुक्याचे ठिकाण असलेले शिरूर अनंतपाळ आणि अहमदपूर तालुक्यातले शिरूर ताजबंद. अहमदपूरहून निघालेल्या एसटीत कुणी नुसते ‘एक शिरूर द्या’ म्हटले, तर कंडक्टर काही न विचारता ताजबंदचे तिकीट देईल; निलंग्याच्या गाडीत तेच वाक्य अनंतपाळचे तिकीट मिळवून देईल. गाडी कुठली आणि बोलणारा कुठला, यावरून गावाचा पत्ता लागतो. अनेकांनी मिळून लिहायच्या ज्ञानकोशाला ही सोय नाही. शोधणारा घोडनदीचा की लोह्याचा हे पानाला कळत नाही, आणि एका नावाचे पान तिथे एकच असू शकते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे मजकुरावरून वाद होतात तसे शीर्षकावरूनही होतात, आणि शीर्षकाचे वाद जास्त चिवट असतात. मजकुरात दोन्ही बाजू मांडता येतात. काहींच्या मते असे, काहींच्या मते तसे, असे लिहून पुढे जाता येते. शीर्षकाच्या ओळीत एकच नाव मावते. शिवाय ते नाव म्हणजे पानाचा पत्ताही असतो आणि दुसऱ्या पानांवरून येणारे सगळे दुवेही त्यावरच बेतलेले असतात. म्हणून ‘नाव काहीही ठेवा, मजकूर चांगला असला म्हणजे झाले’ हा नवख्या संपादकाचा युक्तिवाद फार दिवस टिकत नाही.

विकीचा जनक वॉर्ड कनिंगहॅम. २५ मार्च १९९५ रोजी त्याने पहिली विकी खुली केली तेव्हा नावांचा संकेत यंत्रानेच ठरवून दिला होता. दोन किंवा अधिक इंग्रजी शब्द जोडून लिहायचे, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले. तसे लिहिले की त्याचा आपोआप दुवा व्हायचा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत, तेव्हा तो संकेत आपल्याकडे चालणेच शक्य नव्हते. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने लवकरच दुहेरी चौकटी कंसांची पद्धत घेतली. कंसांत जे लिहाल ते पानाचे नाव. मराठीला दार उघडले ते इथे, पण काहीही लिहिता येते म्हटल्यावर काय लिहायचे हे माणसांनीच बसून ठरवणे आले.

छापील कोशांनी हे आपल्या परीने सोडवले होते. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंद सापडते ती ‘आंबेडकर, भीमराव रामजी’ अशी. खंड हातात घेऊन वर्णानुक्रमाने चाळायचा, म्हणून आडनाव आधी. विकीवर वर्णानुक्रमाला कुणी विचारत नाही. वाचक शोधचौकटीत जे टंकतो त्यावर सगळे चालते, आणि तो ‘बाबासाहेब आंबेडकर’ टंकतो. इंग्रजी विकिपीडियाने शीर्षकासाठी पाच कसोट्या मानल्या आहेत: नाव ओळखीचे हवे, सहज सुचणारे हवे, नेमके हवे, आटोपशीर हवे आणि त्याच जातीच्या इतर पानांशी सुसंगत हवे. पाचही एकदम साधतात असे क्वचितच होते. नांदेडच्या महापालिकेचे उदाहरण घ्या. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव ‘नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका’. नेमकेपणात ते पहिले येते, पण शहरात कुणी एवढे लांब बोलत नाही. ‘नांदेड महानगरपालिका’ ओळखीचे आहे, आटोपशीर आहे, आणि वाघाळ्याला गाळते. इथे संस्थेचे पूर्ण नाव शीर्षकात ठेवून दुसरे नाव पुनर्निर्देशनाला द्यावे हे बरे, कारण लेख संस्थेवर आहे. लेख शहरावर असेल तर मात्र नुसते ‘नांदेड’च हवे, तिथे वाघाळा आणणे म्हणजे कागदोपत्रीपणा झाला.

पुनर्निर्देशन ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित चीज. वाचकाने दुसऱ्या नावाने शोधले तरी त्याला मूळ पानावर आणून सोडणारे ते रिकामे पान असते. शीर्षकाच्या वादातला निम्मा ताप ‘आमचे नाव पुसले गेले’ या भावनेतून येतो, आणि पुनर्निर्देशन असले तर कोणतेच नाव पुसले जात नसते.

पहिली चाळणी शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ग्रामनामातला ‘पूर’ दीर्घ, या एका नियमाने अहमदपूर, रेणापूर, अर्धापूर एका झटक्यात सुटतात. अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ, म्हणून लातूर, शिरूर, मुरूड. दुकानांच्या फलकांवर ‘लातुर’ आणि ‘मुरुड’ सर्रास दिसते. त्या रूपांची पुनर्निर्देशने करावीत आणि पुढे जावे. यात भांडण्यासारखे काही नाही.

भांडण होते ते समासापाशी. १७ सप्टेंबर हा दिवस नांदेड-लातुरात शाळेपासून कलेक्टर कचेरीपर्यंत साजरा होतो, आणि त्याच्या निमंत्रणपत्रिकांवर तीन लेखने आढळतात: मुक्तिसंग्राम, मुक्तीसंग्राम, मुक्ती संग्राम. तत्सम इकारान्त शब्द समासात पहिल्या पदी आला की ऱ्हस्व राहतो, म्हणून पहिले रूप नियमाचे. पण हे एवढ्यावर मिटत नाही. १९४८ च्या सप्टेंबरातल्या लष्करी मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘पोलीस ॲक्शन’. निजामाच्या संपूर्ण राज्यातला लढा तो ‘हैदराबाद मुक्तिसंग्राम’, आणि त्यातला आपल्या भागाचा वाटा तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’. एखादा उत्साही संपादक हे सगळे समानार्थी धरून एकाच पानाकडे वळवतो आणि घोटाळा होतो. सप्टेंबरातल्या त्या मोजक्या दिवसांची मोहीम आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चाललेली चळवळ या दोन गोष्टी आहेत. ‘पोलीस ॲक्शन’ मोहिमेच्या पानाकडे जावे, चळवळीच्या पानाकडे नव्हे. लेखनभेद आणि विषयभेद यांत फरक करता आला नाही तर नावांचा कोणताही संकेत कुचकामी ठरतो.

मराठीची खास गोची आहे विभक्तीत. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कुठेही आले तरी तसेच राहते. मराठीत कंसांत ‘लातूर’ लिहून बाहेर ‘ला’ जोडले तर यंत्र पूर्ण ‘लातूरला’ निळे करून दाखवते, इथवर ठीक. पण ‘लातुरात’ म्हटले की उकार ऱ्हस्व झाला. औसा म्हणताना ‘औशात’, निलंगा ‘निलंग्यात’, लोहा ‘लोह्यात’, उदगीर ‘उदगिरात’. अशा वेळी कंसांत उभी रेघ घालून डावीकडे मूळ नाव आणि उजवीकडे वाक्यातले रूप लिहावे लागते. हे माहीत नसलेला माणूस ‘निलंग्यात’ असा पूर्ण शब्दच कंसांत घालतो. दुवा लाल उमटतो, कारण त्या नावाचे पान नाही. दुसऱ्या कुणाला वाटते की पान व्हायचे राहिले आहे, आणि तो ते तयार करतो. मग निलंग्यावर एक लेख आणि ‘निलंग्यात’वर दुसरा. म्हणून शीर्षक प्रथमेत आणि एकवचनात ठेवायचे हा संकेत मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त काटेकोर पाळावा लागतो.

त्याहून फसवे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांचे. मुखेड तालुक्यात बाऱ्हाळी आहे. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येतो. एका कळफलकावर त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ वापरला जातो. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन वेगळी गावे. ‘ॲ’चे तसेच: हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई, आणि तसे टंकणारे आजही आहेत. अ‍ॅडव्होकेटपासून अ‍ॅल्युमिनियमपर्यंतच्या पानांना ही बाधा होऊ शकते. इथे वादविवाद करून उपयोग नाही. कोणते रूप प्रमाण मानायचे हे एकदा ठरवावे, बाकीची कामे बॉटवर सोपवावीत.

लांबीचीही मर्यादा आहे. मीडियाविकी या प्रणालीत शीर्षक २५५ बाइटांत बसावे लागते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी चिन्हे वेगवेगळी मोजली जातात. म्हणजे इंग्रजीला २५५ अक्षरांची चैन, मराठीला ८५ चिन्हे. ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ एवढ्यालाच १०९ बाइट लागतात. सरकारी योजनांची पूर्ण नावे, दोन-तीन थोरांची नावे जोडलेली महाविद्यालये आणि त्यांच्या मागे गाव, तालुका, जिल्हा लावायची हौस यांपुढे ही मर्यादा तोकडी पडू शकते. पत्त्याची तऱ्हा आणखी वेगळी. ‘लातूर’ या नावात चिन्हे पाच. पण पानाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्या पाचांची कधी कधी टक्क्यांच्या खुणांनी भरलेली ४५ रोमन अक्षरांची आगगाडी होते. ती पाहून एखाद्याला वाटते की नाव इंग्रजीत ठेवले असते तर बरे झाले असते. असा मोह आवरावा. दुवा आगगाडीसारखा दिसला तरी उघडतो तेच पान.

आता सारख्या नावांकडे. हा विषय मराठवाड्यात विशेष भरीव आहे.

मुरूड तीन तरी सहज सांगता येतात: लातूर तालुक्यातले बाजारपेठेचे मुरूड, रायगड जिल्ह्यातले जंजिऱ्याशेजारचे मुरूड, आणि दापोली तालुक्यातले महर्षी कर्व्यांचे मुरूड. जळकोट लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे, तसेच तुळजापूर तालुक्यात महामार्गावरही एक जळकोट आहे. नायगाव नांदेड जिल्ह्यातला तालुका. पण नायगाव म्हटल्यावर साताऱ्याच्या माणसाला सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव आठवते, मुंबईकराला दादरच्या बाजूचे आणि वसईकराला रेल्वे स्थानक. निलंगा तालुक्यात औराद शहाजानी, तर सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यात औराद हा तालुकाच. कंधार नांदेड जिल्ह्यातले किल्ल्याचे गाव. अफगाणिस्तानातल्या शहराला मराठी वर्तमानपत्रे कंदहार लिहितात आणि हिंदीच्या संगतीने कधी कंधारही. मुखेड आणि मुदखेड तर एकाच जिल्ह्यातले दोन तालुके. त्यांच्या शीर्षकांत करण्यासारखे काही नाही. दोन्ही पानांच्या डोक्यावर एकमेकांकडे बोट दाखवणारी एक ओळ घातली की भागते.

यावर विकीचे ठरलेले औषध म्हणजे कंस: ‘मुरूड (लातूर)’. पण संकेत लिहून ठेवलेला नसेल तर शेजारीच ‘मुरूड, लातूर’, ‘मुरूड, लातूर जिल्हा’ आणि ‘मुरूड (ता. लातूर)’ अशीही पाने उगवतात. कंसात तालुका घालायचा की जिल्हा, हाही प्रश्न आहे. तालुका नेमका असतो पण टिकत नाही. लातूर जिल्हाच मुळी ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून निघाला, आणि देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ हे तालुके त्यानंतर पडले. त्यांतल्या गावांची पाने जुन्या तालुक्याच्या कंसाने कुणी लिहिली असती तर ती सगळी हलवावी लागली असती. तेव्हा कंसात जिल्हा असावा, आणि त्याच जिल्ह्यात त्याच नावाचे दुसरे गाव असेल तरच तालुक्याचा आधार घ्यावा. कंसाची एक सोयही आहे: दुवा देताना कंसापुढे उभी रेघ घालून काही न लिहिता जतन केले तर यंत्र कंस गाळून नुसते ‘मुरूड’ दाखवते.

तरीही कंस हा शेवटचा उपाय मानायला हवा. लोकांनी जो भेद आधीच नावात केला आहे तो सोडून कंसाकडे धावणे हा नवशिकेपणा आहे. ‘शिरूर ताजबंद’ आणि ‘शिरूर अनंतपाळ’ यांना कंसाची गरजच नाही. ‘औराद शहाजानी’लाही नाही. बुद्रुक आणि खुर्द, वाडी आणि तांडा, हे भेद महसुलाच्या कागदांत आहेत तसेच बोलण्यातही आहेत. ‘लातूर रोड’ नावाचे जे जंक्शन चाकूर तालुक्यात आहे, त्याचे पानही तसेच ठेवावे. लातुरातला एखादा रस्ता समजून कुणी तिकडे गेला तर पहिल्या वाक्यात त्याची समजूत निघेल. प्रश्न उरतो तो नुसत्या ‘शिरूर’ या शीर्षकाचा. पुण्याचे शिरूर लोकसभा मतदारसंघामुळे बातम्यांत सर्वांत जास्त गाजते, म्हणून ते साधे शीर्षक त्याला द्यावे असे म्हणणारे असतात. पण चार शिरूर असताना साध्या नावावर निःसंदिग्धीकरणाचे पान असावे, म्हणजे ज्याला जे हवे ते तो निवडील. ‘कंधार’ मात्र नांदेडच्या कंधारलाच द्यावे. अफगाण शहराला मराठीत वेगळे नाव आहे आणि ते पुरेसे रुळलेले आहे.

माणसांच्या नावांतही लातूरने हा शोध आधीच लावून ठेवला आहे. नावामागे पाटील लावणारे शिवाजीराव महाराष्ट्रात कमी नाहीत. ‘शिवाजीराव पाटील निलंगेकर’ म्हटले की १९८५-८६ चे मुख्यमंत्रीच डोळ्यांपुढे येतात. ‘शिवराज पाटील चाकूरकर’ याच वळणाचे. इथे ‘(राजकारणी)’ असा कंस लावणे हास्यास्पद ठरेल. उपाध्यांचा नियम सोपा वाटतो आणि तसा नसतो. श्री, मा., डॉ., प्रा. शीर्षकात नकोत, यावर बहुतेकांचे एकमत होते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले कुरुंदकर गुरुजी शीर्षकात ‘नरहर कुरुंदकर’च असावेत. पण ‘स्वामी रामानंद तीर्थ’ यांतले ‘स्वामी’ काढले तर ओळख उरत नाही. त्यांचे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर हे नाव शोधायला येणारा विरळा. विलासराव देशमुखांच्या नावातला ‘राव’ काढायचा विचार तर कुणीही करणार नाही. आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही, ‘ना. धों. महानोर’ की ‘ना.धों. महानोर’, हा वाद बाहेरच्याला पोरकट वाटेल. पण ती यंत्राला दोन नावे दिसतात, म्हणून ठरवावे लागते. परदेशी नावांच्या लेखनावर वेगळा लेख होईल. हिंदीतून उचललेले ‘जार्ज’ मराठीत ‘जॉर्ज’ करावे, एवढे इथे पुरे.

नांदेडमध्ये मराठीखेरीज पंजाबीचाही हक्क येतो. गुरु गोविंदसिंगांचे निधन १७०८ मध्ये इथे झाले आणि शिखांच्या पाच तख्तांपैकी एक इथे आहे. त्याचे पूर्ण नाव ‘तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब’. शहरात ‘सचखंड गुरुद्वारा’ म्हटले की पुरते. अमृतसरची गाडीही सचखंड एक्स्प्रेस. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर ‘हुजूर साहिब नांदेड’. गुरूंचे नाव मराठी पुस्तकांत गोविंदसिंग किंवा गोविंदसिंह, तर विमानतळाच्या आणि अभियांत्रिकी संस्थेच्या नावात गोबिंद सिंघजी. ‘गुरु’ समासात ऱ्हस्व आणि सुटा आला तर नियमाने दीर्घ, ही भर वेगळीच. अशा ठिकाणी एकच लेखन सगळीकडे लादणे चुकीचे. व्यक्तीच्या पानाला मराठीत रुळलेले लेखन असावे. संस्थेच्या पानाला त्या संस्थेने स्वीकारलेले. त्यामुळे एकाच विकीवर ‘गोविंद’ आणि ‘गोबिंद’ शेजारी नांदतील, आणि काही संपादकांना ते खटकेल. ज्याच्या पानाचे नाव, त्याच्या वापराला मान, या पद्धतीतही सुसंगती आहेच.

सर्वांत तापलेला विषय नामांतराचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळून औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्ह्यांची नावे त्याच वर्षी सप्टेंबरात बदलली. विरोधातल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. शहराच्या पानाचे शीर्षक बदलणे ओघाने आले. पण त्यानंतर कुणीतरी ‘शोधा आणि बदला’ची कळ दाबतो, आणि लातूर जिल्हा १९८२ मध्ये ‘धाराशिव जिल्ह्यातून’ निघाल्याचे वाचावे लागते. १९८२ चा सरकारी कागद उस्मानाबादच म्हणतो. इंग्रजी विकिपीडियावर पोलंडच्या एका बंदरावरून असाच वाद पेटला होता. २००५ मध्ये मतदान होऊन ठरले की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग म्हणावे आणि त्याआधी-नंतर ग्दान्स्क. पानाचे शीर्षक आजचे, इतिहासाच्या वाक्यातले नाव त्या काळचे, हा तोडगा मराठवाड्यालाही चालण्यासारखा आहे. कीव्हच्या नावाचे युक्रेनी लेखन शीर्षकात यायला इंग्रजी विकिपीडियावर सप्टेंबर २०२० उजाडला, कारण तिथे सरकारी नावापेक्षा इंग्रजी वाचकांत काय रुळले आहे ते पाहिले जाते. मराठीत नवे नाव वर्तमानपत्रांनी आणि एसटीच्या पाट्यांनी फार लवकर उचलले, म्हणून ती वाट पाहायची गरज पडली नाही.

‘नामांतर’ हा शब्द मराठवाड्यात सगळ्यात आधी विद्यापीठाचा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतरच्या हिंसाचारात नांदेड जिल्ह्यातही दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले, आणि त्याला सरकारी भाषेत नामविस्तार म्हटले गेले. लढ्याच्या पानाला काय म्हणावे? लढणाऱ्यांनी सोळा वर्षे ‘नामांतर’ म्हटले, तेव्हा चळवळीचे पान नामांतराचेच हवे. १४ जानेवारीच्या घटनेला मात्र ‘नामविस्तार’ म्हणावे, कारण त्या दिवशी झाले ते तेच, आणि दिनही त्याच नावाने पाळला जातो. एकाला दुसऱ्याचे पुनर्निर्देशन केले तर या दोन शब्दांमधला सगळा इतिहास गडप होतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. त्या भूकंपाला लातूर जिल्ह्यात कुणी लातूरचा भूकंप म्हणत नाही. तो किल्लारीचा भूकंप. इंग्रजी विकिपीडियावर तो ‘१९९३ लातूर भूकंप’ या अर्थाच्या नावाखाली आहे, आणि भूशास्त्राच्या लेखनात दोन्ही नावे चालतात. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने औसा तालुक्याइतकेच शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले उमरगा-लोहाराही उद्ध्वस्त केले, म्हणून जिल्ह्याचे नावही पुरे पडत नाही. मराठी वाचकासाठी ‘किल्लारी भूकंप’ हेच शीर्षक योग्य, वर्षाची जोड निःसंदिग्धीकरणापुरती. विकीपुढचा खरा पेच त्याच्या पुढचा आहे. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नाव तेच राहिले आणि जागा बदलली. नकाशावरचा बिंदू कुठे ठेवायचा? जुन्या किल्लारीचे वेगळे पान करायचे की त्याच पानात एक विभाग? लोक आणि ग्रामपंचायत तीच असेल तर पान एकच असावे आणि जुन्या जागेला विभाग द्यावा. वेगळे पान करायचे तर त्या अवशेषांबद्दल स्वतंत्र लिहिण्यासारखे काही हाताशी हवे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. रेल्वेने गाडीला ‘जलदूत’ म्हटले, वर्तमानपत्रांनी ‘जलराणी’ही म्हटले. दहावी-बारावीच्या अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ला तर अधिकृत नावच नाही, कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता ते मराठीत रुजले. अशा ठिकाणी लोकांच्या तोंडचे नाव घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि घेऊ नये असे काही कारणही नाही.

यंत्रांनी या गुंत्यावर आपल्या परीने मार्ग काढले आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा प्रत्येक गोष्टीला क्रमांक देतो, त्यामुळे मराठी, पंजाबी आणि इंग्रजी पाने नावे जुळली नाहीत तरी एकमेकांना सापडतात. ओपनस्ट्रीटमॅपवर चालू नाव, जुने नाव, पर्यायी नाव आणि अधिकृत नाव यांना वेगवेगळे रकाने आहेत. हिमायतनगरच्या नोंदीत वाढोणा हे जुने नाव लिहायला तिथे जागा आहे. विकीच्या पानाला मात्र माथ्यावर एकच रकाना.

सगळ्यात नकळत होणारी चूक मतदारसंघांच्या पानांची. २००८ च्या पुनर्रचनेत ‘लातूर’ हा विधानसभा मतदारसंघ जाऊन ‘लातूर शहर’ आणि ‘लातूर ग्रामीण’ झाले. ‘नांदेड उत्तर’ आणि ‘नांदेड दक्षिण’ आले. ‘हेर’ आणि ‘रेणापूर’ संपले. हेर तर तिहेरी अडचण: एक उदगीर तालुक्यातले गाव, एक बंद झालेला मतदारसंघ आणि एक गुप्तहेर. पान अद्ययावत करायच्या भरात कुणी जुन्या ‘लातूर विधानसभा मतदारसंघ’ या पानाचे ‘लातूर शहर’कडे स्थानांतरण केले, की १९९९ मध्ये विलासराव देशमुख तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघातून निवडून आलेले दिसू लागतात. उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा गाव तेच होते, म्हणून पान हलवणे बरोबर. लातूरचे दोन तुकडे झाले तेव्हा वस्तूच बदलली, म्हणून नवी दोन पाने हवीत आणि जुने जागच्या जागी. गोपीनाथ मुंडे जिथून अनेकदा निवडून आले त्या रेणापूरच्या पानालाही हात लावायचे कारण नाही. पहिल्या वाक्यात ‘माजी’ हा शब्द घातला आणि शेवटच्या निवडणुकीचे वर्ष २००४ लिहिले की त्या पानाचे काम झाले.